लाटेपेक्षा खाली

"का जी, हे पोरगी पडली का झोपली?"

मी चिखलात पोटावर होते, डोळा कॅमेऱ्याला लावलेला. बाईचा आवाज मागून, काठावरून आला. उत्तर तिथे मासे धरणाऱ्या नामदेवकाकांनी दिलं; ते नुकतेच जाळं घेऊन पाण्यातून बाहेर आले होते.

"फोटू काढून राह्यली लाटेचा. तिले लाट खालूनच पाह्याची हाय."

"अन् कपडे कोन धुईन तिचे? लाट?"

दोघं हसले. मीही हसले, पण चिखलाकडे तोंड करून.

पहाटेच्या एसटीनं यवतमाळहून निघाले होते. आर्णी, महागाव, उमरखेड; पुढे ऑटोनं एका फाट्यापर्यंत आणि मग सोयाबीन काढलेल्या शेतांमधून पायी पैनगंगेवर. किनारपट्टीवर सर्फिंगचे फोटो काढणाऱ्या एका गटात शिकाऊ म्हणून जायचं होतं, आणि त्यांनी लाट आणि माणूस असा एक फोटो मागितला होता. आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही. पण या गावाजवळ नदी खडकाच्या एका पायरीवरून उतरते आणि तिथं एकाच जागी लाट उभी राहते. पाणी पुढे जातं, लाट जात नाही. शिकायला यापेक्षा सोयीची लाट कुठे मिळणार?

आधी उंच काठावरून फोटो काढले. नदी चुरगळलेल्या चादरीसारखी दिसली. मग बाजूनं काढले. लाटेचा बाक दिसला, पण ती गुडघ्याएवढीच आहे हेही दिसलं. लाटेपलीकडे काका फेकजाळं टाकत होते. शेवटी अगदी पाण्याच्या कडेला, चिखलात आडवी झाले. लाट एकदम आभाळापर्यंत गेली आणि तिच्यामागे काका छातीपासून वरच दिसू लागले, जाळं हवेत पसरलेलं. मी श्वास रोखून बटण दाबलं. हाच तो फोटो, हे तेव्हाच कळलं.

काठावरून बोललेल्या त्या बाई म्हणजे काकांची बायको, शांताकाकू; त्यांनी आणलेला डबा उघडला. चून (पिठलं) आणि ज्वारीची भाकर.

"खाय वं माय. इतली बारीक, लाटेनं नेली तं आम्हाले सापडाचीही नाही."

मी दीड भाकर खाल्ली. अनोळखी माणसांत बोलता येत नसलं की मी जास्त जेवते. मग आभार म्हणून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तो फोटो दाखवला.

काकूंचं हसू थांबलं.

"हे आजचं हाय?"

काकांनी डोकावून पाहिलं. "वा! हिरोच दिसून राह्यलो."

"गोटा कुठी हाय?" काकूंनी विचारलं. गोटा म्हणजे दगड, पण कुठला ते मला कळेना. त्या माझ्याकडे वळल्या. "मांगच्या साली पाय घसरून वाहत गेलते हे. झुडूप हाती लागलं म्हणून वाचले. तवापासून माही शपथ हाय, त्या पांढऱ्या गोट्याच्या पलीकडं जाचं नाही. अन् इथं छातीवर पानी!"

"अवं, अलीकडंच होतो मी."

"फोटू खोटा बोलते काय?" त्यांनी ओलं जाळं गोळा करून डोक्यावर घेतलं. "उद्यापासून हे घरी. कापूस वेचाले चाला माह्यासंगं."

काका माझ्याकडे बघत होते. "बाई, तू तरी सांग इले."

इंग्रजी शाळेच्या सवयीनं वाक्य डोक्यात इंग्रजीत तयार झालं. ते मराठीत आणेपर्यंत काकू चालायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "मला बस आहे," आणि निघाले.

फाट्यावर बसची वाट पाहत फोटो चाळले. उंच काठावरून काढलेले आता लक्ष देऊन पाहिले. एका फोटोत काका त्याच जागी, गुडघाभर पाण्यात उभे होते आणि त्यांच्या बऱ्याच पुढे, नदीच्या मध्यावर, पांढरा दगड. फोटो म्हणून त्यात काहीच नव्हतं. तो पुसायचा म्हणून मी बटणावर बोटही ठेवलं होतं.

लाट मोठी कशी दिसेल, एवढंच मी दिवसभर पाहिलं होतं. तिच्यामागचा माणूस तिथे रोज उतरतो, आणि एक बाई त्याच्या परतण्याची वाट पाहते, हे कुठल्याच अँगलमध्ये धरलं नव्हतं.

बस आली. कंडक्टरनं विचारलं, "चढता का?" मी मान हलवली, नाही म्हणून, आणि पुन्हा शेतातून चालत गेले.

गावातलं पहिलंच घर त्यांचं. जाळं खुंटीला टांगलेलं, काका पायरीवर, काकू पाठ करून चुलीपाशी. मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. 

"काकू, हे पाहा. काका गोट्याच्या अलीकडंच होते. मीच लई खाली झोपली होती."