होयला होय म्हणणारं सॉफ्टवेअर

एक एप्रिलला आमच्या धंद्यात कुणी कुणाला फसवत नाही. वेळच नसतो. त्या दिवशी बिलांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात, शिल्लक माल नव्या वर्षात ओढून घ्यायचा असतो, सरकारने करात काही फिरवाफिरव केली असेल तर ती त्याच सकाळपासून लागू होते. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधले बदलही त्याच दिवशी येतात. कंपनीचा मेल आला की उघडायचा, सांगतील ते बटण दाबायचं आणि कामाला लागायचं. शंका काढत बसलो तर टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवतो.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यावर हसणारे मला खूप भेटले. "एक एप्रिलचा मेल तुम्ही खरा मानलात?" हो, मानला. बाकी वर्षभर आलेले मेल एकवेळ खोटे मानू, पण एक एप्रिलचा खराच मानावा लागतो. बिलं बनवणाऱ्या माणसांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसेल, तर तिने दुसरा धंदा बघावा.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये आमच्या शेठचं जीन्सला लागणाऱ्या वस्तूंचं घाऊक दुकान आहे. बटणं, रिवेट, चेन, मागच्या खिशावरची चामड्याची लेबलं. मी बदलापूरहून येते आणि तिथलं ऑफिस सांभाळते. उद्याच्या कामांची यादी आज संध्याकाळी, ज्यांच्याकडून उत्तर यायचंय त्यांची वेगळी, आणि जे काम मी सोडून कुणी करणार नाही त्याची तिसरी. या तिसऱ्या यादीवरून शेठ मला चिडवतात. चिडवू देत.

आमच्याकडे पार्सल वाचून बांधतात. म्हणजे असं, की माल काढला की प्रत्येक पाकिटावरचं स्टिकर मशीनने स्कॅन होतं आणि पडद्यावर हिरवी खूण येते. बिल छापून निघतं. कुठल्याही दुकानात काम इथे संपतं. आमच्याकडे मग एक बाई ते बिल हातात घेऊन मोठ्याने वाचते: "अँटिक बटण, सतरा नंबर, चार पाकीट." पॅकिंगवाला पाकिटाचं तोंड उघडून तिच्यापुढे धरतो आणि म्हणतो, "आहे." ती मान हलवते. मग पुढची ओळ. शेवटच्या "आहे"नंतरच सुतळीला गाठ बसते, त्याआधी नाही. ही रीत शेठच्या वडिलांची. आता ते नाहीत, कॉम्प्युटर आला, स्कॅनर आला, रीत तशीच राहिली.

वाचणाऱ्या बाई मोरिवलीच्या. अंबरनाथची एमआयडीसी गावाला चिकटून उभी राहिली तेव्हा घरातले बाकी सगळे कारखान्यांत गेले, या उल्हासनगरला आल्या. शेठचे वडील त्यांना अदी म्हणायचे, सिंधीत मोठी बहीण. मग सगळेच म्हणायला लागले. आजचे शेठ शाळेच्या गणवेशात गल्ल्यापाशी बसून बोरं खायचे, तेव्हापासून अदी तिथे आहेत. म्हणून त्या शेठना अजूनही तू म्हणतात आणि शेठ त्यांना तुम्ही.

त्या सकाळी मेल आला. नवं उत्पादन, आजपासून नोंदणी सुरू. तुमच्या सॉफ्टवेअरने 'होय' म्हटलं, पण त्याला खात्री आहे का? आता विचारा! हिरवी खूण आली की हे नवं सॉफ्टवेअर मोठ्याने विचारणार, "नक्की?" आणि तेच मोठ्याने उत्तर देणार, "होय, नक्की." वरच्या दर्जाच्या पॅकेजमध्ये दोनदा विचारणार. त्यापेक्षा वरच्यात, विचारलं होतं का, हेही विचारणार. सोबत एका समाधानी दुकानदाराचा फोटो.

आता वाचताना कुणालाही कळेल. तेव्हा माझ्यासमोर उघडे चार बदल होते, दोन अडकलेले होते, आणि सरकारी वेबसाइट चालत नव्हती. त्या सगळ्यापेक्षा हा मेल जास्त वेडगळ होता असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. मी तो शेठना वाचून दाखवला.

शेठ खुर्चीत सरळ झाले. "बोलतं? खुद बोलतं?"

"असं लिहिलंय."

"बुक करो, मॅडम. ये तो अदीवाला काम है."

मी बटण दाबलं. दुपारी शेठ स्वतः पॅकिंगच्या टेबलापाशी गेले आणि हात जोडून, अगदी प्रेमाने म्हणाले, "अदी, बहुत बोल लिया आपने. अगले महीने से आराम. मशीन बोलेगी."

अदींनी हातातलं बिल संपवलं. शेवटची ओळ वाचली, "आहे" ऐकलं, गाठ बसलेली पाहिली. मग म्हणाल्या, "बरा."

संध्याकाळी दुसरा मेल आला. 'पकडलं ना!' त्यात कंपनीतली तरुण मंडळी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होती. खाली लिहिलं होतं की असं निरुपयोगी काहीतरी बनवण्याइतके आम्ही रिकामटेकडे नाही, आणि विकत घेण्याइतके तुम्ही नाही, हो ना?

मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ गाणं वाजल्यावर एक मुलगा आला.

"मॅम, चिल! वो तो जोक था."

"कशावर?"

"मतलब?"

"जोक कशावर तरी असतो ना? हा कशावर होता?"

"मतलब मॅम, सिस्टम ने एक बार चेक कर लिया, फिर कोई बैठ के वही चीज़ दोबारा बोलेगा... इतना फालतू काम कौन करता है?"

"आमच्याकडे करतात."

तो पाठ केलेल्या आवाजात म्हणाला, "और कोई सहायता, मॅम?" फोन ठेवल्यावर मेसेज आला, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल.

राग मला तिथून आला आणि अजून गेलेला नाही. फसलो म्हणून नाही. फसण्याचं मी फार मनावर घेत नाही, पुढच्या वेळी काळजी घ्यायची. पण या लोकांनी टेबलाभोवती बसून विचार केला असणार, की जगातलं सगळ्यात बिनकामाचं काम कोणतं, आणि त्यांना जे सुचलं ते एका बाईचं अख्खं आयुष्य होतं. तिला न पाहता सुचलं. स्टिकर माणूस चिकटवतो, स्कॅनर फक्त स्टिकर वाचतो, पाकिटात काय आहे ते वाचत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांच्यातल्या एकालाही सुचली नाही. पण ती सुचली असती तरी मला राग आला असता. अदींचं काम अगदी शंभर टक्के बिनकामाचं असतं, तरीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांना सांगितलं. गंमत होती, मशीन येणार नाही.

"गंमत?" अदी म्हणाल्या. "वाच बघू."

"राहू दे ना."

"वाच गो. मी वाचतंय का नाय रोज?"

मी मेल मराठीत सांगत गेले. कोणाला विनोद समजावून सांगणं मुळातच वाईट, त्यात तो ज्याच्यावर आहे त्यालाच. 'नक्की?' 'होय, नक्की' इथपर्यंत आले. अदी कप हातात धरून ऐकत होत्या.

"मंग ते दोनदा इचारतंय, त्याला पैसे जास्ती?"

"हो."

"आन त्याच्यान हसाचा काय हाय?"

मी सांगितलं. मशीनने एकदा बघितलं की पुन्हा कुणी बघायची गरज नसते, असं त्यांना वाटतं. म्हणून पुन्हा बघणारं मशीन म्हणजे विनोद.

पॅकिंगवाल्यांपैकी एक टेबलावरूनच ओरडला, "अदी, तुम्ही जोक आहात!"

"आन तू त्या जोकच्या पुढं पाकीट धरतंस," अदी म्हणाल्या. "तू कोण मंग? टाळी वाजवणारा?"

सगळे हसले, त्याही हसल्या. मी नाही हसले. त्यांनी कप ठेवला, पदर खोचला आणि थेट शेठच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग, कारण तिसऱ्या यादीत ते काम तेव्हा आपोआप आलं होतं.

शेठना मी सकाळीच सांगितलं होतं. तेव्हा ते आधी लाजले, कंपनीला दोन शिव्या दिल्या, आणि मग डोकं खाजवत म्हणाले, "मज़ाक है, पण मॅडम, बात गलत नाही." हे वाक्य मी अदींना सांगितलं नव्हतं. शेठना वाटलं सांगितलं, म्हणून ते अदींना बघताच उठून उभे राहिले.

"शेठ, मना काढाचा हाय?"

"अरे अदी, आपको कौन निकालेगा? मशीन आ रही थी, इसलिए..."

"मशीन नाय आता. आता बोल. मशीनच्या नावावं नको. तू बोल, माझ्या तोंडावं."

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीकडे बघितलं. त्या खोलीत पंखा होता, त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता, आणि ते वाक्य बोलायला कोणी नव्हतं.

"दिवाळी तक देखते हैं," शेवटी ते म्हणाले.

"दिवाळीपर्यंत ठेवायला मी काय चकली हाय?"

"अदी, बसा. काम करा. विषय खतम."

विषय संपला असं मीही धरलं. अदी वर्षभर वाचत राहिल्या. मी कंपनीला एक सविस्तर मेल लिहिला, मुद्देसूद: एक, हा दिवस निवडणं चूक; दोन, नोंदणीचं बटण खरं चालत होतं, ते ठेवणं चूक; तीन, तुम्ही ज्याला बिनकामाचं म्हणता ते काम माणसं करतात. उत्तर आलं. आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे, आणि एक हसरा चेहरा.

मोलाचा होता खरा. पुढच्या एक एप्रिलला त्यांचा मेल आला, आणि या वेळी मी तो चार वेळा वाचला, नंबरवर फोन करून खात्री केली. गेल्या वर्षी आम्ही गंमत केली, त्यांनी लिहिलं होतं, पण तुमच्यापैकी इतक्या जणांनी नोंदणी केली की आम्हाला कळलं, तुम्हाला हे खरंच हवंय. म्हणून मालाचं नाव वाचून 'नक्की?' विचारणारं ते सॉफ्टवेअर आम्ही बनवलं.

बनवलं. म्हणजे माझ्यासारख्या कितीतरी ऑफिसांतून, कितीतरी टेबलांवर, धावपळीत दाबलेली ती बटणं कुणीतरी मोजली. हसून झाल्यावर मोजली. ज्यांना ते वेडे म्हणाले होते त्यांच्याच मागणीवर माल काढला. मुंबईच्या बाजारात मी पुष्कळ निर्लज्जपणा पाहिलाय. पण तो आपण निर्लज्ज आहोत हे जाणून केलेला असतो. ही मंडळी फोटोत तशीच हसत होती.

या वेळी शेठनी मला विचारलं नाही, स्वतःच घेतलं. एक छोटा स्पीकर आला, पॅकिंगच्या टेबलावर खिळ्याला टांगला. अदींना त्यांनी या वेळी तोंडावर सांगितलं, हे खरं. मान खाली घालून, पण सांगितलं. त्यांचं देणंघेणं, साडी, पेढे, सगळं नीट केलं. मी स्वतः ते नीट होतंय का बघितलं, कारण मला रागात काम अर्धवट ठेवता येत नाही.

शेवटच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर शेठचा चेहरा एकदम खुलला. त्यांना एक गोष्ट आठवली होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या पसंतीचा आवाज भरता येतो.

"अदी, आपकी आवाज़ डालते हैं! पूरा माल का नाम एक बार बोल दो. आप घर में, फिर भी आपकी आवाज़ इधर हमेशा. पिताजी का दुकान, अदी का आवाज़. क्या मॅडम?"

त्यांनी मोबाइल पुढे धरला. खरंच प्रेमाने धरला होता. मला वाटतं त्यांच्या मनात त्याहून मोठा मान नव्हता. मला तो मोबाइल घेऊन रस्त्यावर फेकावासा वाटला.

अदींनी मोबाइलकडे बघितलं, मग टांगलेल्या स्पीकरकडे.

"नाय," त्या म्हणाल्या. "मी जातंय तर सगलीच जातंय."

शेठना कळेना. "अदी, सिर्फ पाँच मिनट का..."

"माणूस नको, आन त्याचा गळा पायजे? नाय रे बाबा."

शेठ दुखावले. ते तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि मला त्याचाही राग आला, की दुखावण्याचा हक्कही त्यांनीच घेतला. मोबाइल तसाच धरलेला हात त्यांनी माझ्याकडे वळवला. "मॅडम, तो आप बोल दो. आपका भी चलेगा."

माझं घर या नोकरीवर चालतं. ते मला माहीत होतं, शेठनाही माहीत होतं. पॅकिंगवाले सुतळी हातात घेऊन बघत होते.

"माझा नाही चालणार," मी म्हटलं.

आता तिथे कंपनीने दिलेल्या कुठल्याशा मुलीचा आवाज आहे. चेनला छेन म्हणते. त्या दिवशी अदींना मी रिक्षापर्यंत सोडायला गेले, पेढ्यांचा पुडा त्यांच्या पिशवीत नीट उभा ठेवला. रिक्षा सुरू झाली तेव्हा त्यांनी पिशवीत एकदा बघितलं आणि मान हलवली, "आहे" ऐकल्यावर हलवायच्या तशी.