अखिलेआससाठी वाजवलेली धून

थोदोसिसला आमच्या डोंगरपट्ट्यात लोक दोन कामांसाठी बोलवायचे: भिंती रंगवायला आणि क्लॅरिनेट वाजवायला. रंगाचे पैसे तो आधी ठरवून घ्यायचा, वाजवण्याचे कधीच नाही. जत्रेत एखादा समोर येऊन उभा राहणार, आपली आवडती धून मागणार, ऐकणार, डोळे पुसणार आणि मग त्याच्या जिवाला वाटेल ती नोट थोदोसिसच्या घामेजल्या कपाळावर चिकटवणार. तरुणपणापासून त्याच्या शेजारी बसून मी लाऊतोच्या तारा छेडतोय. दुसरी रीत मी पाहिली नाही.

त्याची मुलगी पोलिक्सेनी यानिना शहरात राहते. तिने बापाची विलापाची धून इंटरनेटवर चढवली आणि फोनवर विचारलं, "बाबा, डाउनलोडचे किती लावू? बाकीचे एक युरो लावतात."

भिंत रंगवता रंगवता थोदोसिस शिडीवरून खाली उतरला. "सगळ्यांना एकच भाव? ज्याची आई गेलीय त्यालाही एक, आणि बटाटे सोलता सोलता ऐकणाऱ्यालाही एकच?"

"दुकान आहे ते, बाबा. दुकानात भाव असतो."

"मग ती जागा कोरी ठेव. ज्याला जे वाटेल ते देईल."

कुणाला फारसं काही वाटलंच नाही. बहुतेक जण फुकटच उतरवून घेत. आमचा व्हायोलिनवाला झोईस टोमणे मारायचा, "काय शेठ, आज किती जण फुकट रडून गेले?"

मार्चमध्ये पोलिक्सेनीचा फोन आला. एका बाईने त्या एका धुनेचे आठशे युरो भरले होते.

"चुकून शून्यं जास्त पडली असतील तिची," थोदोसिस म्हणाला. "परत कर."

पोलिक्सेनीने त्या बाईला, उरानियाला, श्टुटगार्टला फोन लावला. ती म्हणाली, "चूक नाही झाली. माझे वडील अखिलेआस, तुमच्याच डोंगरातल्या आनो मिल्याचे. इथल्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला, इथेच पुरलं त्यांना. गावी वारले असते तर चार वाजवणारे बोलावले असते. मी थडग्यापाशी मोबाइलवर तुमच्या बाबांची धून लावली. चौघांची बिदागी होते तेवढी पाठवलीय."

पोलिक्सेनीने हे सगळं थोदोसिसला सांगितलं. रविवारी त्याने मला, झोईसला आणि डफवाल्याला बोलावून पैशांचे चार वाटे केले.

"मयताची बिदागी घेतली आणि वाजवायला गेलोच नाही, असं कुठे असतं का? उठा."

"अरे, माणूस जर्मनीत पुरलाय!" झोईस ओरडला.

"घर तर इथेच आहे ना त्याचं?"

पोलिक्सेनीही आली. आनो मिल्यात बहुतेक छपरं खचलेली, चर्चला कुलूप. अक्रोडाखाली उभं राहून थोदोसिसने पहिला लांब सूर धरला. ती धून मला पाठ आहे, पण त्या दिवशी तो सूर दरीत उतरला, पलीकडच्या कड्याला लागून परत आला, आणि माझ्या अंगावर काटा आला. जणू पलीकडून कुणी ओ दिली होती. मग वर कुठेतरी कडी वाजली.

डोक्याला काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी काठी टेकत खाली आली. इथे कुणी राहत असेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

"कोण गेलं रे?"

"अखिलेआस, आजी. जर्मनीला गेला होता तो."

"मारीगोचा? तो तोतरा?" ती दगडावर बसली. आणि त्याच सुरात, स्वतःच्या शब्दांत तिने विलाप सुरू केला: त्याच्या आईचं नाव, तो ज्या तुतीवरून पडला ती तुती, दोरीने बांधलेली वळकटी घेऊन तो निघाला ती सकाळ. क्लॅरिनेट थांबत थांबत तिला वाट करून देत होतं. झोईसचा गज हातातच राहिला. मला तर मान वर करायचा धीर होईना. पोलिक्सेनी फोनवर सगळं रेकॉर्ड करत उभी होती.

संपल्यावर म्हातारीने पैसे बांधलेल्या रुमालाची गाठ सोडली. "तुमचं किती झालं, बाबांनो?"

"मिळालंय, आजी. त्याच्या मुलीने दिलंय."

"मुलगी आहे त्याला?" तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "मग तिला सांगा, घराची किल्ली या वासिलोकडे आहे म्हणावं, माझ्याकडे."

पोलिक्सेनीने तो विलाप आणि निरोप श्टुटगार्टला पाठवला, आणि ऑगस्टमध्ये उरानिया आली. ती आणि वासिलो अखिलेआसच्या दारापाशी गंजलेल्या कुलपाशी झटत होत्या, आणि मी गाडीतून तेलाची बाटली आणायला खाली धावत सुटलो.