बाजारामागची खोलगट वाटी

आदिलाबादजवळच्या बोथ गावात आठवडी बाजारामागची पडीक जागा माझ्या बायकोनं मिळवली. ती मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. मुली शाळेच्या व्हरांड्यात स्केटबोर्ड चालवायच्या आणि फरशा फुटल्या म्हणून ओरडा खायच्या. ही सरळ पंचायतीत गेली. म्हणाली, "पोरींले पडायले एक जागा द्या."

मी घरांचे नकाशे काढतो. स्केट पार्क मी मोबाइलवरच पाहिलेला. तिच्या सांगण्यावरून एक मोठी वाटी काढली, गोल उतारांची.

"इतकं उभं नको," ती म्हणाली. "पहिल्यांदा उतरनाऱ्या पोरीले तळ दिसला पायजे."

मी उतार कमी केला. खोदकाम सुरू झालं, आणि पावसाळ्यात तिला ताप आला. आदिलाबादच्या दवाखान्यातून ती परत आली नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घर भरलं होतं. सगळे रडले. मी चहाचे कप कमी पडतील का, ते बघत होतो. पाहुणे गेल्यावर मिस्त्री दारात आला.

"साहेब, खड्ड्यात पानी साचून राह्यलं. बुजवून टाकू काय?"

"नको. पाणी काढा, सळ्या आणा."

तिची इच्छा वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. त्या दिवसांत लोक जे विचारत, त्याला माझ्याकडे उत्तर नसे. याला होतं, म्हणून दिलं.

प्लायवूडचा गोल साचा मी कापला. सळ्या त्या वळणावर वाकवल्या. उतारावर काँक्रीट टिकेना, खाली घसरायचं. घट्ट कालवून थोडं थोडं लावलं, साच्यानं खरवडलं. एकदा दहावीतली एक मुलगी काठावरून ओरडली, "सर, तुमच्या हातातून रक्त येऊन राह्यलं!" सदऱ्याची बाही भिजली होती. सळ्या बांधायची तार कधी लागली, कळलंच नव्हतं.

मग रोज सकाळी पोती टाकून पाणी मारायचं. मिस्त्री म्हणाला, "बस झालं, पक्कं झालं." मी मारतच राहिलो. शेवटी एके सकाळी तीच मुलगी बोर्ड घेऊन आली. तिनं माझ्या हातातला पाइप घेतला, नळ बंद केला.

"सर, आता आमाले उतरू द्या."

मी पोती उचलली. ती उतरली, पडली, पुन्हा चढली. मग बाकीच्या उतरल्या. भाजीवाल्या बाया टोपल्या ठेवून बघायला आल्या. त्यातली एक पदर डोळ्याला लावून म्हणाली, "बाईंले किती बरं वाटलं असतं."

"हो," मी म्हणालो. वाटीच्या तळाशी एका बाजूला पाणी थांबत होतं. तिथला ढाळ चुकला होता. मी खाली उतरून खडूनं खूण केली.

"सर, बाजूले व्हा!" वरून कुणीतरी ओरडलं. मी बाजूला झालो. बोर्ड अगदी जवळून गेला. दुपारपर्यंत मी तिथंच उताराला टेकून होतो. घरी जायचं सुचलं नाही.