वारुळाचा करारनामा

मी वकील नव्हतो, हे आधीच नमूद करतो. तहसिलीत कारकून होतो. परंतु बेकायदा गोष्ट दिसली की माझे मस्तक फिरे आणि हात आपोआप कागदाकडे जाई.

सत्तरच्या दशकात, वसमत अजून परभणी जिल्ह्यात असताना, आमच्या माळवदाच्या मुख्य तुळईवर उधईने, म्हणजे वाळवीने, अतिक्रमण केले. मागच्या भिंतीवर मातीची बारीक नळी वर चढत गेलेली दिसली. नखाने फोडली, तर आत पांढुरक्या किड्यांची वर्दळ. सकाळी पाहतो, तर नळी पुन्हा सांधलेली. स्टुलावर चढून मी तुळई ठोकत गेलो. मध्यावर ती ठणठणीत वाजली, भिंतीकडच्या टोकाला मात्र रिकाम्या डब्यासारखी. छताची सगळी माती त्या तुळईवर होती आणि तिच्याखाली आम्ही जेवत, झोपत होतो. पावसाळ्यात माती भिजून जड होण्याआधी बंदोबस्त झाला नाही, तर छत आमच्या अंगावर येणार, यात शंका नव्हती.

सल्ले देणाऱ्यांचा मला विलक्षण संताप येई. एक म्हणे रॉकेल लावा, दुसरा म्हणे डांबर फासा. ज्या किड्याचे घर जमिनीत आहे, त्याचा वरवर रंगकाम करून कसा बंदोबस्त होणार? त्याचा मार्गच तोडला पाहिजे. तो शोधत मी मागे गेलो आणि दोन घरांमधल्या बोळात उभे असलेले कमरेएवढे वारूळ माझ्या नजरेत भरले.

बोळापलीकडे, सगळी गल्ली ज्यांना मावशी म्हणे, त्या शेजारीण राहत. शेतकरी घरातल्या, माझ्या आईच्या वयाच्या. वारूळ तत्काळ काढू द्यावे, अशी रीतसर नोटीस मी त्यांना दिली. मावशींना वाचता येत नसे. नोटीस वाचून दाखवली माझ्या पत्नीने, आणि उत्तर आले तेही तिच्याच अक्षरात. त्याचा आशय असा, की गल्लीतल्या बाया पंचमीला या वारुळाला दूध-लाह्या वाहतात; ही वहिवाट निजामाच्या अमलातली, म्हणजे माझे घर उभे राहण्याच्या आधीची आहे; सबब मागणी फेटाळावी. मी संतापलो खरा, पण उत्तर कायद्याला धरून होते. माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याविरुद्ध इतका पक्का युक्तिवाद शिजला, याचे मला मनातून कौतुकही वाटले.

पत्नीला जाब विचारला, तर ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुळई माझ्याही डोक्यावर आहे. पण पंचमीला मी पूजेला कुठे जाऊ, तेही नोटिशीत लिहायचं होतं."

मुद्दा बिनतोड होता. हक्क नष्ट करता येत नाही. संबंधितांच्या संमतीने त्याची जागा मात्र बदलता येते. मी करारनामा तयार केला: वारुळाची माती ओढ्यापलीकडे मावशींच्या शेताच्या बांधावर न्यावी आणि यापुढे पूजा तिथे व्हावी. गल्लीतल्या बायांनी अंगठे उमटवले. मावशींनी मात्र आधी दोन कलमे वाढवायला लावली.

"पहिलं टोपलं तुमीच डोक्यावर न्यायचं, भाऊ. अन् दरसाल पंचमीला मी येऊन तुमची तुळई ठोकून पाहणार. नागोबाला तकलीफ दिली, ते कामी आलं का न्हाई, कळाया पाहिजे."

खणताना नागोबा निघाला नाही. कडक मातीच्या एका कोठडीत राणी सापडली. बोटाएवढी, फुगलेली, जागची हलताही न येणारी. मावशी वाकून पाहू लागल्या.

"ही तर बाळंतीण हाय की. हिला काहून मारता?"

मी बजावले की करारात फक्त माती हलवायची आहे, राणीचा उल्लेख नाही. ती माझ्या तुळईची गुन्हेगार असल्याने तिच्यावर ताबा माझा. मावशींचे म्हणणे, बोळ दोघांचा, तर राणीही दोघांची. मी कलम शोधत असतानाच मावशींची कोंबडी मधून आली, तिने राणी चोचीत धरली आणि गिळून टाकली.

"घ्या," पत्नी म्हणाली, "लागला निकाल."

मावशी हसता हसता भिंतीला टेकल्या. अपिलाला जागाच उरली नव्हती, म्हणून मीही हसलो.

मग टोपी काढून, टोपले डोक्यावर घेऊन मी भर रस्त्याने ओढ्याकडे निघालो. वाटेत कचेरीतल्या शिपायाने नमस्कार केला. दोन्ही हात टोपल्याला असल्यामुळे तो मला परत करता आला नाही. मागून बाया गाणी म्हणत येत होत्या.

परतल्यावर खरे काम सुरू झाले. भिंतीच्या पायाशी चर खणून, शेतात उधईवर वापरतात ते औषध पाण्यात कालवून ओतले. सुताराने टेकू देऊन तुळईचे पोखरलेले टोक कापले, सागाचा तुकडा जोडला आणि लाकूड मातीला टेकू नये म्हणून खाली दगड बसवला. मावशींनी भिंतीला लावलेल्या कपाशीच्या वाळक्या पळाट्याही, उधईला खाऊ नको म्हणून, माझी नोटीस येण्याआधीच लांब रचल्या.

पावसाळा आला. माळवद भिजले. पंचमीला बांधावरची पूजा आटोपून मावशी थेट आमच्या घरात शिरल्या. काठी उंच धरून त्यांनी तुळई एका टोकापासून ठोकायला सुरुवात केली. प्रत्येक ठोक्याला थांबून कान देत. शेवटी जोडलेल्या तुकड्याशी आल्या. तिथे त्यांनी जरा जास्तच जोरात ठोकले.

"वाजून राहिली बराबर," त्या म्हणाल्या. काठी कोपऱ्यात ठेवून त्या बरोबर तुळईखाली मांडी घालून बसल्या आणि पत्नीला म्हणाल्या, "वाढ बाई पुरणाची दिंडं. इथंच जेवते."