व्हरा, पुरो

आमच्या शेजारच्या ख्रिस्ती आजीच्या अंगणात एक खुरीस आहे. चुना लावलेला पांढरा क्रूस, कमरेएवढ्या चौथऱ्यावर. दर जानेवारीत सां सेबास्त्यांवच्या फेस्ताला संध्याकाळी तिथे लादीन होतं, म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना. एक जण व्हायोलिन वाजवतो, एक जण ओळ गातो आणि जमलेले लोक प्रत्येक ओळीला तेच एक उत्तर देतात. मग उकडलेले चणे वाटतात. आम्ही हिंदू. तरी खुरसाचा अबोलीचा हार आमच्या घरून जातो, आणि उत्तर देणाऱ्यांत माझ्या आईचा आवाज सगळ्यांत मोठा.

ते उत्तर मला लहानपणापासून ‘व्हरा, पुरो, नोबीस’ असं ऐकू यायचं. आमच्या बोलीत व्हरा म्हणजे घेऊन जा, पुरो म्हणजे पुरे. लगेच चणे मिळायचे, त्यामुळे ‘न्या आता, पुरे झालं’ हाच अर्थ मी धरून चालले होते. आईचंही तसंच. नोबीस कोण, एवढंच तिला कळत नव्हतं. “आसतलो तेंचो कोण तरी,” असं ती म्हणायची.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. यंदा वाचनालयातल्या एका पुस्तकात मला ते शब्द सापडले. ‘ओरा प्रो नोबीस’. लॅटिन. आमच्यासाठी प्रार्थना कर. फेस्ताच्या दुपारी आई हार करत होती, तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं.

“म्हणजे इतकी वर्सां मी भलतांच म्हणतंय?”

“भलतंच नाही... म्हणजे, हो.”

“आणि तेंका सगळ्यांका कळला आसतला?”

यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी तिला बरोबर उच्चार तीनदा करून दाखवला.

त्याच सकाळी आजी आमच्याकडे येऊन गेली होती. तिचा एक मुलगा बोटीवर, दुसरा इंग्लंडात. आमच्या हरमलमध्ये या दिवसांत पर्यटकांनी खोल्या आणि किनाऱ्यावरचे शॅक भरलेले असतात, शेजाऱ्यांना सवड नसते. उत्तर द्यायला माणसंच नसतील तर पुढच्या वर्षापासून लादीन बंद करायचं आणि चॅपेलात एक मेणबत्ती लावायची, असं ती आईला सांगून गेली होती. लादीन तिच्या सासूने सुरू केलेलं.

संध्याकाळी आम्ही सात जण होतो. पहिली ओळ झाली. उत्तर अगदी बारीक आलं. दुसऱ्या ओळीलाही तेच. आई मागे उभी होती, तोंड मिटून. तिसऱ्या ओळीनंतर गाणारा थांबला आणि त्याने आजीकडे पाहिलं. आई गप्प का, ते विचारायला आजी माझ्याकडे वळली.

“गे बाय, तुजी आवय आयज वगी कित्याक?”

“मी तिला बरोबर शब्द सांगितले,” मी हळूच म्हटलं. “लॅटिनचे.”

“लातीन माका तरी खंय येता? म्हजो घोव आनी कितें कितें म्हणटालो. तुज्या कॉलेजीक सांग, सां सेबास्त्यांवाक परीक्षा घेवपाक वेळ ना.”

व्हायोलिनवाला हसला. आई हसली नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

पुढची ओळ आली. मी मोठ्याने म्हटलं, “व्हरा, पुरो, नोबीस.” मला गाता येत नाही. आवाज मध्येच फाटला. त्या उत्तराला मी जवळजवळ एकटीच होते.

त्यानंतरच्या ओळीला मागून आईचा आवाज आला. आधी जपून, मग नेहमीसारखा. ती कुठले शब्द म्हणत होती ते मी लक्ष देऊन ऐकलं नाही. शेवटपर्यंत उत्तर तिनेच पेललं, बाकीचे तिच्या मागून.

चणे वाटताना आजीने आईच्या पुड्यात एक मूठ घातली, मग दुसरी, मग तिसरी.

“पुरो गे, पुरो,” आई म्हणाली.

“व्हर,” आजी म्हणाली. “आनी फुडल्या वर्सा हार मात्सो लांब कर. खांद्यार पावना.”

आईने खुरसाकडे पाहिलं आणि हार किती वीत कमी पडला ते हाताने मोजलं.