चक्कर न येणारा माणूस

खुर्ची थांबली. महेशने पट्टा सोडला, सरळ चालत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काय ओ अक्का, एवढंच होय?" मागे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या आधी बसलेले सगळे बादलीत ओकले होते.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. दवाखाना चामराजपेटमध्ये, पण आठवड्यातून एकदा शहराबाहेर बोम्मसंद्र्याला एका कंपनीत जायचे. पैसेवाल्या हौशी लोकांना अंतराळाच्या सहलीसाठी तयार करणं हा तिचा धंदा. रॉकेट परदेशातलं, तयारी इथली. महेश मूळचा निपाणीचा, आता सर्जापूर रोडला राहणारा सॉफ्टवेअरवाला.

ही गोल फिरणारी खुर्ची आम्ही चक्कर आणायलाच वापरतो. आतल्या कानात तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. ते शाबूत असलं की माणूस थोडा तरी गरगरतो. काहीच झालं नाही, की मला काळजी वाटते.

"पहिल्यापासून असंच?" मी विचारलं.

"छे ओ. लहानपणी आंबोली घाटात बस वळली की ओकायचो. आता काय होत नाही बघा. योगाचा गुण."

"कधीपासून होत नाही?"

"त्या किडनीच्या आजारपणानंतर. लई इंजेक्शनं झाली. बरा झालो आणि योगा धरला."

गुण योगाचा नव्हता. काही अँटिबायोटिक इंजेक्शनं जीव वाचवतात आणि कानातला तोल घेऊन जातात. ऐकू नीट येत असतं, त्यामुळे पेशंटला पत्ताच लागत नाही. मी त्याच्या कानात आधी थंड, मग कोमट पाणी सोडलं. चांगल्या कानात असं केलं की डोळे आपोआप हलायला लागतात. त्याचे डोळे ढिम्म. मग जाड फोमवर उभं करून डोळे मिटायला लावले. लगेच कलंडला. सिस्टरने धरलं म्हणून पडला नाही. दोन्ही कानांतलं तोलाचं काम बंद पडलं होतं. तो चालत होता तो नजरेच्या आणि तळपायांच्या भरवशावर.

मी कंपनीच्या प्रोग्राम हेडला सांगितलं, "हा अनफिट आहे."

"डॉक्टर, हा आमचा बेस्ट कँडिडेट आहे. एकटाच ओकला नाही."

"आंधळ्याला उजेडाचा त्रास होत नाही. म्हणून त्याची नजर चांगली म्हणाल?"

"स्वल्प प्रॅक्टिकल व्हा, मॅडम."

"मग एवढं तरी करा. त्याला पाण्याखालच्या ट्रेनिंगला पाठवू नका. डोळे झाकून पाण्यात टाकलात तर वर कुठं आणि खाली कुठं हे त्याला कळणार नाही. बुडेल."

यान समुद्रात पडलं तर बाहेर कसं यायचं, हे कंपनीवाले शिकणाऱ्याला काळे गॉगल लावून टँकमध्ये शिकवत. हेड म्हणाला, तो उत्तम पोहतो. महेशलाही मी हेच सांगितलं. तो हसला. कंपनीने दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. त्या गृहस्थांनी कानात बॅटरी मारून पडदा पाहिला आणि कान एकदम क्लीन असल्याचं कळवलं. संपूर्ण घर पडलंय की नाही हे दाराचा रंग बघून ठरवण्यातला प्रकार.

पुढच्याच आठवड्यात महेश टँकमध्ये उतरला. बुडवलेल्या केबिनमधून झटकन बाहेर पडला आणि जोरात पोहत सुटला, तळाकडे. फरशी हाताला लागली तेव्हा आपण अजून केबिनमध्येच आहोत, दार अडकलंय असं समजून तिला ढकलत राहिला. डायव्हरने ओढून वर आणलं तेव्हा श्वास बंद होता.

वाचला. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. खाटेशेजारी प्रोग्राम हेड बसला होता. महेशचा आवाज बसला होता, पण बोलला.

"अक्का, तुम्ही डोक्यात नको ते घातलासा. पाण्यात तेच आठवलं आणि घाबरलो."

"वर कुठं आहे ते कळत होतं का?"

उत्तर हेडने दिलं. "पॅनिकमध्ये कुणालाच कळत नाही, मॅडम."

महेशने मान डोलावली. मला इतका संताप आला की फळांची पिशवी ठेवायची राहून गेली, तशीच घरी घेऊन आले.

कंपनीने मला पुन्हा बोलावलं नाही. माझ्या बोलण्याने क्लायंटचं मनोधैर्य खचतं म्हणे. महेश ठणठणीत बरा झाला आणि आता त्याने परदेशातल्या दुसऱ्या कंपनीत नाव घातलंय. तिथेही खुर्ची असेल आणि तिथेही टाळ्या वाजतील.

वाईट बातमी सांगणाऱ्या डॉक्टरला पेशंट एकवेळ सहन करतो. पण ज्या गोष्टीसाठी लोक पाठ थोपटतात तोच त्याचा आजार आहे, हे सांगणारा डॉक्टर त्याला शत्रू वाटतो, बुडून वर आल्यावरसुद्धा.