उकिरड्यावरचं पत्र

ते पत्र माझ्याकडून चुकून पुसलं गेलं नव्हतं. मी ते मुद्दाम टाकून दिलं होतं, आणि टाकल्यावर शांतपणे चहा करून प्यालो होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढची गोष्ट आनंदाची आहे, आणि त्या आनंदात माझं हे वागणं झाकलं जाईल अशी मला भीती वाटते.

आम्ही दहा-बारा जण मिळून मराठीतलं एक लिनक्स तयार करायचो. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी फुकट प्रणाली. कुणीही ती घ्यावी, आपल्या भाषेत आणावी, हवी तशी मांडावी आणि पुन्हा लोकांना वाटावी. अशा वाटायच्या संचाला आम्ही 'वितरण' म्हणायचो. मी एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळत होतो. माझा एक मित्र चितेगावच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचा. आणि सोयगावकडच्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांना आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या घरी मेंढरं होती, वडील अजून चराईला जायचे. पडद्यावरचे शब्द मराठीत करून पाठवणं हे बाईंचं काम.

पुसलेल्या फायली जिथं जाऊन पडतात, त्या जागेला मी 'कचरापेटी' म्हटलं होतं. बाईंनी ते खोडून 'उकिरडा' केलं. माझ्या घरात तीन पिढ्यांची कारकुनी. उकिरडा हा शब्द आमच्याकडं फक्त आई माझ्या खोलीबद्दल वापरायची. मी बाईंना फोन लावला.

"बाई, उकिरडा बरा दिसत नाही हो पडद्यावर."

"सर, कचरापेटीतलं कुणी परत काढतंय का? गाडी आली की गेलं. उकिरड्यावरचं वर्षभर तिथंच असतंय. लागलं तर उकरून काढायचं, नाय तर खत म्हणून शेतात जातंय. संगणकात बी तसंच हाय ना?"

तसंच होतं. पुसलेली फाइल उकिरडा रिकामा करेपर्यंत तिथंच राहते. मी हरलो आणि उकिरडा कायम झाला. मनातून मात्र थोडा खट्टू झालो होतो, हेही खरं.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहर तेव्हा औरंगाबादच होतं, आणि पाणी असो नसो, वाढतच चाललं होतं. बायपासच्या पलीकडं इमारती उठत होत्या आणि त्यांच्या दारात टँकर उभे असायचे. माझ्या प्रयोगशाळेतही नवी मशीन आली. आमचं वितरणही आता शहरासारखं चकचकीत दिसावं, असं मला वाटू लागलं. अडचण एकच होती. प्रत्येक आवृत्ती मला दोनदा बांधावी, म्हणजे सगळे भाग जोडून तयार करावी लागे, एकदा नव्या मशीनसाठी आणि एकदा जुन्या, कमी ताकदीच्या मशीनसाठी. जुनीत हमखास काहीतरी मोडायचं आणि माझे रविवार त्यात जायचे. मला ती बंद करायची होती.

पण कुणी एकट्यानं काही ठरवायचं नाही, असा आमचा नियम. म्हणून वितरणानं पुढं कुठं जायचं यावर सगळ्यांकडून प्रश्न मागवले आणि सभा ठरवली. प्रश्न माझ्याकडं यायचे होते आणि सभेत मीच ते वाचायचे होते.

बाईंचा मेल असा होता: "आमच्या शाळेत दहा संगणक आहेत. सगळे जुने, शहरातल्या कचेऱ्यांनी दिलेले. टँकर आला की पोरं घागरी घेऊन पळतात आणि वर्ग रिकामा होतो. फक्त संगणकाच्या तासाला ती आपसात पाळ्या लावतात, निम्मी पाण्याला जातात आणि निम्मी बसतात. पुढच्या आवृत्तीत हे दहा चालतील का? चालणार नसतील तर आत्ताच सांगा, म्हणजे पोरांना काय सांगायचं ते मी ठरवते."

बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडं तयार होती. ह्या एकाचं नव्हतं. हे पत्र सभेत वाचलं तर सगळे फिरतील, हे मला कळत होतं. मी ते टाकलं. बाई इतक्या लांबून येणार नाहीत, असा हिशेब केला.

सभा उस्मानपुऱ्यात, मित्राच्या चुलत्यांच्या हॉलमध्ये. तिचा दिवस ठरवायला आम्हाला पंधरवडा लागला, कारण रोज कुणाच्या तरी गल्लीत पाणी यायचा दिवस. "सोमवारी आमच्याकडं नळ येतो, तुम्ही ठरवा काय ते," असं म्हणत एकेक गळायचा. अखेर जमलं. मित्रानं खाली फलक लावला: 'वितरणाचे भवितव्य. खुली चर्चा. सर्वांचे स्वागत.'

त्या फलकामुळं दोन माणसं आली. एक सत्तरीचे चाचा, हातात अर्जाची पिशवी. ते मागच्या खुर्चीवर बसले आणि चहा मागून घेतला. दुसऱ्या सोयगावच्या बाई. पहाटेच्या एसटीनं निघालेल्या, विचारत विचारत आलेल्या आणि फलक पाहून जिना चढलेल्या.

"म्हटलं उत्तर ऐकूनच जावं, सर," त्या हसून म्हणाल्या. मी हातातले कागद पुन्हा एकदा सारखे केले.

मी प्रश्न वाचत गेलो. पडद्याचा रंग, अक्षरांचे नवे टंक, वर्षातून किती आवृत्त्या. बाई प्रत्येक प्रश्नाला मान वर करून बघायच्या, आपला नाही म्हटल्यावर पुन्हा खाली घालायच्या. शेवटचा कागद संपला.

"आणखी कुणाचं काही?" मी विचारलं.

चाचा उठले. "वो सब ठीक है साहेब. पण आमच्या गल्लीत जुन्या लोकांचं कनेक्शन काटणार का, तेवढं सांगा. ट्रान्सफॉर्मर नवा आला तेव्हापास्नं हीच अफवा हाय."

एक क्षण कुणाला काही कळेना. मग मित्राच्या डोक्यात उजेड पडला. "चाचा, हे विजेचं वितरण नाही."

"मग कशाचं?"

"संगणकाचं."

चाचांनी पिशवी मांडीवर नीट ठेवली. "अच्छा. तर मग संगणकवाल्या जुन्या लोकांचं काटणार का, ते सांगा. इतका चहा पाजला तुम्ही, जवाब तो ऐकूनच जाईन."

हॉल हसून हसून लोटपोट झाला. सगळ्यात मोठ्यानं बाई हसल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "सर, माझा बी हाच सवाल होता. मेल पोचला नाय का?"

रेंज नव्हती, सर्व्हर बंद होता, काहीही सांगता आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता, आणि तेच मला सोसलं नाही.

"पोचला होता," मी म्हणालो. "मी टाकून दिला."

बाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"कुठं टाकला?"

"उकिरड्यावर."

"रिकामा केलाय का?"

"नाही."

"मग काढा की उकरून! त्याच्यासाठीच तर ठेवलाय तो."

मी भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांसमोर उकिरडा उघडला. पत्र वरच पडलं होतं. 'परत आणा'वर टिचकी मारली आणि ते उभ्यानं वाचलं. घागरींच्या पाळ्यांपाशी मी थांबलो, तेव्हा पुढचं मित्रानं वाचलं. मग हात वर झाले. जुन्या मशीनची आवृत्ती चालू राहणार. चाचांनी दोन्ही हात वर केले. एक विजेसाठी, म्हणाले.

"पण बांधणार कोण?" कुणीतरी विचारलं. सगळे माझ्याकडं बघू लागले.

"सर थकलेत," बाई म्हणाल्या. "मला शिकवा. मीच बांधते."

"मी येतो मदतीला," मित्र म्हणाला. एवढ्यात एकाचा फोन वाजला, "नळ आला रे!" आणि निम्मी सभा चपला शोधत जिन्यावरून धावली.

दोन महिन्यांनी नवी आवृत्ती तयार झाली. नव्या मशीनची मी बांधली, जुन्या मशीनची बाईंनी. त्यांची पहिल्या फटक्यात चालली, माझी नाही. ती लावायच्या दिवशी मी त्यांच्या शाळेत गेलो. दहा संगणक, तीस पोरं आणि दाराशी रांगेनं घागरी.

"पोरांनो, हे सर," बाई म्हणाल्या. "आपलं पत्र ज्यांनी..."

"उकिरड्यावर टाकलंऽऽ!" सगळा वर्ग एका सुरात.

मी कान पकडले. वर्ग हसत सुटला, बाईही, मीही. त्या वर्षभरात मी इतका हसलो नव्हतो. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. ज्यांची पाळी होती ती पोरं उठली. एका मुलीनं घागर काखेत मारली, आपली खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "सर, मी येस्तोवर बसा इथं. पण काय टाकू नका."